झगमगाट नको, घरंदाजपणा हवा: पर्वरीतील एका दिवाणखान्याविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पर्वरीला तिसऱ्या मजल्यावर आपण सदनिका घेतली आहे. तिचा हॉल 18 फूट लांब आणि 12 फूट रुंद आहे, छताची उंची साडेनऊ फूट आहे आणि पश्चिमेच्या आखूड भिंतीत मोठी खिडकी आहे. डिचोलीच्या वडिलोपार्जित घराच्या वाटण्या झाल्यावर आपल्या वाट्याला एक शिसवी बाक, वेताने विणलेल्या दोन हाताच्या खुर्च्या, एक आरामखुर्ची, समया आणि लामणदिवे आले. कंत्राटदाराच्या आराखड्यात तीन पायऱ्यांचे फॉल्स सीलिंग, संगमरवरासारख्या चकचकीत फरशा, भिंतींवर सोनेरी पट्ट्या, बटने टाचलेला मखमली सोफा आणि मधोमध काचेचे झुंबर आहे. जुने सामान या थाटात बसत नाही, म्हणून ते विकून टाका, असा त्याचा सल्ला आहे. आपल्याला अभिजात आणि श्रीमंत, पण डोळ्यांत न खुपणारा दिवाणखाना हवा आहे, आणि हे काम चतुर्थीपूर्वी उरकेल का, असेही आपण विचारले आहे.

सामान ठेवावे आणि आराखडा परत करावा, हे माझे स्पष्ट मत आहे. आपण ज्याला डोळ्यांत न खुपणारी श्रीमंती म्हणता, तिच्यात खर्च कमी होतो असे नाही. तो फक्त दिसणाऱ्या जागेवरून हटून सोफ्याच्या सांगाड्यात, कापडाच्या विणीत, दिव्यांच्या जागा ठरवण्यात आणि वस्तूंच्या मापांत जातो. गोव्यात या विचाराला पाऊसही दुजोरा देतो. वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर हवेत सतत दमटपणा आणि किनाऱ्याकडून येणारा खारा वारा, अशा हवेत नुसत्या महाग दिसणाऱ्या वस्तू दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत उघड्या पडतात. सोनेरी मुलाम्याच्या पट्टीवर ठिपके पडतात, एमडीएफच्या कडा फुगतात आणि मखमलीला वास येऊ लागतो. त्यामुळे आपल्याकडे घरंदाज काय आणि टिकाऊ काय, या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा एकच निघतात.

प्रथम छताविषयी, कारण आराखड्यातील सर्वांत मोठी चूक तिथे आहे. चांदरच्या ब्रागांझा वाड्यातील नृत्यदालन किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेचा सभामंडप पाहून आलेल्या माणसाला घरातही झुंबर असावे असे वाटणे स्वाभाविक आहे; पण तिथली झुंबरे शोभतात ती त्यांच्या वरखाली असलेल्या मोकळ्या उंचीमुळे. टांगलेल्या दिव्याच्या खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत किमान 7 फूट अंतर लागते. आपल्या साडेनऊ फुटांतून फॉल्स सीलिंगने सहा ते आठ इंच घेतले, तर झुंबराला जेमतेम पावणेदोन-दोन फूट उरतात आणि त्याखालून जाताना उंच माणूस मान आखडून चालतो. छत सपाट, पांढरे आणि मूळ उंचीचे ठेवावे. पडद्याची दांडी झाकण्यापुरती खिडकीच्या भिंतीला एक साधी लाकडी पेटी करावी. बाकी काहीही नको.

छत मोकळे ठेवण्याचे दुसरे कारण माटोळी. बाहेरचे सजावटकार ही गोष्ट हमखास विसरतात. आपल्याकडे गणपती याच खोलीत बसणार असेल, तर मूर्तीच्या वर माटोळीची लाकडी चौकट टांगावी लागेल, आणि नारळ, सुपारीचे घड, चिबूड, काकड्या व रानफळे बांधल्यावर तिचे वजन बरेच होते. जिप्समच्या फॉल्स सीलिंगला ती पेलत नाही. मग ऐन चवथीच्या आदल्या दिवशी कुणीतरी स्टूलावर चढून ठोकाठोकी करतो आणि नव्या छताला भोके पडतात. आताच काँक्रीटच्या स्लॅबमध्ये चार कड्या बसवून घ्याव्यात. प्रत्येक कडी किमान 50 किलो भार घेईल अशा बोल्टची असावी आणि भोके पाडण्यापूर्वी बिल्डरकडून स्लॅबमधून गेलेल्या वीजनळ्यांचा नकाशा मागवून घ्यावा. कडीवर पितळेची छोटी चकती लावली की एरवी ती नजरेत येत नाही, आणि हव्या त्या दोन कड्यांवर वर्षभर लामणदिवे टांगता येतात. चतुर्थीच्या दिवसांत तो कोपरा रिकामा करावा लागेल, म्हणून तिथे जमिनीला किंवा भिंतीला जखडलेले कपाट ठेवू नये.

आता जुन्या फर्निचरकडे वळतो, कारण आपल्या खोलीचा दर्जा त्यावरच ठरणार आहे. घरात आणण्यापूर्वी प्रत्येक वस्तूला कीड आहे का ते पाहावे. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे असली म्हणजे कीड जिवंत आहेच असे नाही. ती कित्येक वर्षांपूर्वीची असू शकतात. वस्तूच्या पायांखाली काळा कागद पसरून आठवडाभर ती न हलवता तशीच ठेवावी. कागदावर मैद्यासारखी बारीक पिवळसर पूड पडली, तर पोखरणे चालू आहे असे समजावे आणि छिद्रांतून पिचकारीने कीडनाशक भरून घ्यावे. शिसवाच्या आणि सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. ती बहुधा मागच्या फळ्यांत, आतल्या पट्ट्यांत, म्हणजे कारागिराने हलके लाकूड वापरलेल्या जागी आणि वेतात सापडते. त्यामुळे वस्तू उलटी करून खालून पाहणे आवश्यक आहे.

त्यानंतर पॉलिश. इथे सुताराला मोकळे सोडू नये. तो आल्याआल्या घासण्याचे यंत्र लावून सगळा जुना थर उतरवील आणि पीयूचा (पॉलियुरेथेनचा) चकचकीत थर चढवील. असे झाले की त्या बाकाची किंमत आणि रूप दोन्ही गेले म्हणून समजा, कारण शिसवाच्या पृष्ठभागावर हातांच्या स्पर्शाने चढलेला खोल काळसर रंग पुन्हा आणता येत नाही. बाकाच्या मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या ठिकाणी, कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावून पाहावा. थर मऊ होऊन बोटाला चिकटला, तर ते जुने लाखेचे स्पिरिट पॉलिश आहे. ते बहुतेक वेळा नुसते मळलेले असते. सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने एकेक भाग पुसावा, लगेच कोरडा करावा, दुसऱ्या दिवशी टर्पेंटाइनने मेणचट काळा थर काढावा आणि शेवटी मधमाश्यांच्या मेणाचे पॉलिश अगदी पातळ लावून सुती कापडाने घोटावे. जिथे लाख पूर्ण उडाली आहे तेवढ्याच भागावर नव्याने स्पिरिट पॉलिश करून घ्यावे. लाखेचे एक वैगुण्य मान्य केले पाहिजे: थंड पाण्याचा पेला ठेवला की त्यावर पांढरे वर्तुळ उमटते, म्हणून त्यावर पेले ठेवू नयेत.

खुर्च्यांचे वेत सैल झाले आहेत, पण तुटलेले नाहीत, असे आपण लिहिले आहे. मग पुन्हा विणण्याची घाई नको. खुर्ची उलटी करून बैठकीच्या खालच्या बाजूने गरम पाण्यात भिजवलेले फडके वेतावर ठेवावे, लाकडाला पाणी लागू न देता वेत पुरता ओला करावा आणि रात्रभर सावलीत, पंख्याखाली सुकू द्यावा. वेताची साल ओली झाली की लांबते आणि सुकताना आखडते. विणणारेही पट्ट्या भिजवूनच विणतात ते याचसाठी. सकाळपर्यंत बैठक पुष्कळ ताणलेली दिसेल. पट्ट्या तुटलेल्या असतील, तर मात्र षट्कोनी छिद्रांचे मूळ विणकाम जाणणाऱ्या कारागिराकडेच द्याव्यात आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना ठाम नकार द्यावा. अजून एक बारीक गोष्ट: जुन्या खुर्च्यांचे पाय खालून कुजतात ते रोजच्या ओल्या पुसण्याने. पायांच्या तळांना मेण चोपडून नायलॉनच्या चकत्या ठोकाव्यात. फेल्टच्या चकत्या पाणी शोषून धरतात, त्या नकोत.

मांडणी साधी आहे. लांब, अखंड भिंतीला 7 फुटांचा एकच सोफा. त्यासमोर 16 ते 18 इंच अंतर सोडून मधले टेबल. टेबलाच्या दोन टोकांना जुन्या खुर्च्या. खिडकीपाशी तिरपी आरामखुर्ची. आणि शिसवी बाक दाराजवळच्या भिंतीला, जिथे आलेला माणूस क्षणभर टेकेल. तीन-दोन-एक असा संच घेऊ नये. बारा फुटी खोली संचाने भरून जाते आणि शोरूमची प्रतिकृती वाटते. कोणतेही सामान भिंतीला चिकटवून ठेवू नये. मागे दोन-तीन इंच हवा खेळली नाही, तर पावसाळ्यात भिंतीवर आणि सोफ्याच्या पाठीवर एकदमच बुरशी धरते.

सोफा नवीन करायचा असल्याने सर्वाधिक पैसा इथे घालावा. सांगाडा सागाचा, किमान तळाचा भाग तरी, आणि सांधे खाचेत बसवून गोंदाने जोडलेले, नुसत्या खिळ्यांचे नव्हेत. बैठकीची उंची 17 इंचांच्या आसपास ठेवावी म्हणजे जुन्या खुर्च्यांवर बसलेल्यांशी बोलताना डोळे एका पातळीवर राहतात; हल्लीच्या बुटक्या, खोल सोफ्यांत वडीलधाऱ्यांना उठताना आधार शोधावा लागतो. बैठकीचा फोम 40 घनतेचा मागावा. बटने टाचलेली पाठ आपल्या हवेत नको, कारण प्रत्येक खळगीत धूळ आणि ओल साठते. कातडेही नको, बंद घरात एक पावसाळा गेला तरी त्यावर पांढरी बुरशी येते. घट्ट विणीचे सुती किंवा सुती-लिनन मिश्र कापड, काढून धुता येईल अशा खोळींसह घ्यावे. कापडाच्या नमुन्यावर मार्टिंडेल घर्षणाचा आकडा, म्हणजे कापड किती घासणे सोसते याचे माप, छापलेला असतो. घरगुती वापराला तो 20,000 च्या वर असावा. रंग फिकट वाळूचा, राखी-हिरवा किंवा कच्च्या सुताचा. गिरद्यांना रंग द्यावासा वाटला, तर कुणबी कापडाची लाल चौकट एखाद-दोन गिरद्यांपुरती फार शोभते.

दिव्यांवर घरोघरी सर्वांत कमी विचार होतो. आपल्या आराखड्यात छतात बारा गोल दिवे आहेत. ते सगळे लावले की खोली दवाखान्यासारखी दिसते, कुणाच्याही चेहऱ्यावर डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि शिसवाचे खोल रंग पुसट होतात. सुमारे 20 चौरस मीटरच्या या खोलीला एकूण 2,500 ते 3,000 लुमेन प्रकाश पुरेसा आहे. तो पाच-सहा ठिकाणी वाटावा. सोफ्याच्या दोन्ही बाजूंना मेजावर कापडी छत्रीचे दिवे असावेत आणि त्यांच्या छत्रीची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण 40 इंचांवर यावी, म्हणजे उघडा बल्ब दिसत नाही. आरामखुर्चीमागे वाचनाचा उभा दिवा, चित्रावर एक लहानसा दिवा, बाकावर भिंतीतला एक आणि साफसफाईच्या वेळेपुरते छतातले चार. सर्व बल्ब 2700 केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर प्रकाशाचे, एकाच कंपनीचे आणि 90 वा अधिक सीआरआयचे घ्यावेत; सीआरआय म्हणजे प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक. सीआरआय कमी असला की लाकूड आणि पितळ दोन्ही मेलेले दिसतात. प्रत्येक गटाला वेगळे बटन आणि डिमर द्यावा. मेजावरच्या दिव्यांचे प्लग सोफ्यामागे हवेत, याचा अर्थ वायरिंगआधी सोफ्याची जागा कागदावर पक्की झाली पाहिजे.

पश्चिमेच्या खिडकीला दोन थरांचे पडदे लागतील. आत पातळ सुती पडदा दुपारचे कडक ऊन गाळून आरामखुर्चीचे पॉलिश वाचवील आणि बाहेरच्या थराला अस्तर असलेले लिनन असावे. दांडी छतालगतच्या त्या पेटीत बसवून खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूटभर पुढे न्यावी, म्हणजे उघडलेले पडदे काच झाकत नाहीत आणि खिडकी मोठी वाटते. कापडाची रुंदी दांडीच्या सव्वादोन पट धरावी. कापड स्वस्त चालेल, पण चुण्या कमी पडल्या की पडदा केविलवाणा दिसतो. लिनन आटते, म्हणून शिवण्याआधी धुवून घ्यावे आणि खाली चार इंच दुमड राखावी. जमिनीवर लोळणारे पडदे मासिकांत छान दिसतात. आपल्याकडे ते फरशी पुसण्याच्या पाण्याने भिजतात. जमिनीपासून अर्धा इंच वर थांबावेत.

भिंतींना किंचित पिवळसर पांढरा रंग, चमक नसलेला. निळसर पांढरा टाळावा. फरशी बिल्डरने दिलेली फिकट मॅट असेल, तर ती उखडण्याचे कारण नाही. चकचकीत फरशी दिव्यांचे प्रतिबिंब दाखवते आणि पावसात घसरते. त्यावर 8 बाय 10 फुटांची सुती सतरंजी अंथरावी, सोफ्याचे आणि खुर्च्यांचे पुढचे पाय तिच्यावर येतील अशी. लहान सतरंजी टेबलाखाली एकटी पडते. जून लागला की ती गुंडाळून ठेवावी आणि चार महिने फरशी मोकळी राहू द्यावी.

टीव्हीसाठी सोफ्यासमोरच्या भिंतीवर भव्य पॅनेल करण्याची प्रथा पडली आहे, ती मोडावी. सागाच्या खऱ्या व्हिनियरचे, म्हणजे वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेले, एक बुटके, लांब कपाट पुरे आहे. प्लायवूड आयएस 710 चा (ओल सोसणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का असलेलेच असावे, आणि ज्या फळीला बाहेरून व्हिनियर लावले तिच्या आतल्या बाजूलाही तितकाच थर द्यावा, नाहीतर पहिल्याच पावसात दारे वाकतात. दारांच्या फटी कोरड्या दिवसांत थोड्या मोकळ्या ठेवायला सुताराला सांगावे.

भिंतींवर काय लावावे, याविषयी मी थोडा आग्रही आहे. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील निळ्या फरशांची चित्रे 1935 मधली, जोर्ज कुलासो या पोर्तुगीज चित्रकाराची. ती तिथे शोभतात, कारण ती त्या इमारतीच्या भिंतींसाठीच रचली गेली. अलीकडे मात्र प्रत्येक हॉटेलात आणि भाड्याच्या बंगल्यात तसल्याच निळ्या फरशा, शिंपल्यांची तावदाने आणि पोर्तुगीज धाटणीचा रंगीत कोंबडा एकत्र आणून ‘गोवा’ सजवला जातो. आपण डिचोलीचे, आपल्याला गोवा दाखवण्याची गरज काय? शिंपल्यांचे एखादे जुने तावदान त्या घरातून आले असेल, तर ते खिडकीजवळच्या दिव्यापुढे उभे करावे, नसेल तर मुद्दाम विकत घेऊ नये. पूर्वजांच्या छायाचित्रांच्या चौकटी काळ्या, सारख्या आणि अरुंद करून घ्याव्यात आणि एका भिंतीवर गटाने लावाव्यात, त्या गटाचा मध्य जमिनीपासून साधारण 58 इंचांवर येईल असा. मागे बुरशी धरू नये म्हणून चौकटीच्या कोपऱ्यांना छोट्या बुचाच्या चकत्या चिकटवाव्यात. लाल-पांढऱ्या कावी चित्रकलेची आवड असेल, तर त्या शैलीतली एक चौकट पुरेशी होईल. समया बाकाच्या दोन्ही बाजूंना असाव्यात आणि पितळेला रासायनिक लेप देऊ नये. आमसुलाने घासून येणारा पिवळा रंग आणि मधल्या दिवसांत चढणारा तपकिरीपणा दोन्ही चांगले दिसतात.

पैशांची वाटणी विचारली आहे म्हणून सांगतो: निम्मे पैसे सोफा, मेज आणि जुन्या सामानाच्या दुरुस्तीला, पाचवा हिस्सा वीज आणि दिव्यांना, तितकाच पडदे व कापडाला, उरलेल्यात रंग आणि कपाट. एक आर्द्रतामापक जरूर घ्यावा, तो स्वस्त असतो. काटा सतत 60 टक्क्यांच्या वर राहू लागला, तर दिवसातून काही तास एसी ड्राय मोडवर चालवावा. घर बंद ठेवून परगावी जाणार असाल, तर आर्द्रता शोषून घेणारे यंत्र घेतलेले बरे.

चतुर्थीपूर्वी सगळे काम होणार नाही आणि ते करूही नये. पाऊस सुरू असताना भिंतींना लांबी (पुट्टी) व रंग लावला, तर आत अडकलेल्या ओलीमुळे वर्षभरात पोपडे येतात. आता छतातील कड्या आणि वायरिंग करून घ्यावे, तोडलेला गिलावा भरून तसाच सुकू द्यावा, जुन्या सामानाखाली काळे कागद घालावेत आणि खुर्च्यांचे वेत ताणून घ्यावेत. गणपती त्याच साध्या भिंतींपुढे बसवावा. बाक, समया आणि माटोळी असताना कुणाचे लक्ष रंगाकडे जाणार नाही. सोफ्याची मागणी दिवाळीच्या सुमारास नोंदवावी, रंग डिसेंबर-जानेवारीत काढावा आणि पडदे सर्वांत शेवटी, रंग वाळल्यावर, त्याच खोलीत संध्याकाळचे दिवे लावून कापड पाहून ठरवावेत.